दादाची संमती

तळेगावच्या रुग्णालयात माझ्या थोरल्या भावाला व्हेंटिलेटरवर ठेवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर वहिनीला शोधत आली. ती त्या रुग्णालयाची नव्हती, पुण्याहून आली होती. हातात बर्फाचा निळा डबा होता. वहिनी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती, मी शेजारी. डॉक्टर आमच्यासमोर उकिडवी बसली. तिने आधी आपलं काम सांगितलं आणि मग परवानगी मागितली.

काम असं होतं. माणसाच्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. माणूस गंभीर आजारी पडला आणि भारी प्रतिजैविकं सुरू झाली की ही वस्ती बदलते. उपयोगाचे जीवाणू जातात, त्रासाचे उरतात. हा बदल पाहायचा तर शौचाचा नमुना लागतो. पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाला झोपेची औषधं चालू असतात, आतडं जवळपास थांबलेलं असतं, दिवसच्या दिवस शौच होत नाही. होतं तेव्हा आतली मूळ वस्ती निघून गेलेली असते. म्हणून टोकाला कापूस असलेली काडी गुदद्वारातून थोडी आत घालतात, फिरवतात आणि बाहेर काढून नळीत ठेवतात. काडी केव्हाही घेता येते. प्रश्न एवढाच, की काडी जे सांगते आणि शौच जे सांगतं ते एकच असतं का. या डॉक्टरचा अभ्यास तेवढ्या प्रश्नाचा होता.

"यानं काकांना फायदा नाही, तोटाही नाही," ती म्हणाली. "नाही म्हणालात तरी उपचार आहेत तसेच चालतील."

मी लोणावळ्यात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. घाटातले अपघात, दरडी, धरणात बुडालेले पर्यटक हे माझं रोजचं काम. काही मागायला आलेला माणूस फायदा नाही असं आधीच सांगतो, हे मी फारसं पाहिलं नव्हतं.

वहिनीने एकच विचारलं. "ह्यांना कळंल का?"

"आत्ता नाही कळणार. पण शुद्धीवर आले की सांगावं लागेल. आत्ता तुम्ही त्यांच्या जागी हो म्हणताय. ते बरे झाले की त्यांचं स्वतःचं हो लागतं. ते नाही म्हणाले तर नमुने नष्ट करायचे, माहिती काढून टाकायची. तसा नियमच आहे."

"शुद्धीवर येऊ द्या आदी," वहिनी म्हणाली आणि सही केली.

दादा टाकव्याला शेती करतो. इंद्रायणी भात, दोन म्हशी आणि रस्त्याकडेचा एक तुकडा, ज्याच्यासाठी दर हिवाळ्यात बंगल्यांचे एजंट येतात आणि चहा पिऊन परत जातात. आधी त्याला ताप आला, मग न्यूमोनिया, मग जंतू रक्तात उतरले आणि मूत्रपिंडं थांबली. हे सगळं एका आठवड्याच्या आत.

आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे आजोबा गावातली मेलेली जनावरं ओढून न्यायचे. ते काम गावाने लावून दिलेलं होतं. छप्पन साली घराने धम्म स्वीकारला आणि त्याबरोबर ते कामही सोडलं. तेव्हापासून घरात न बोललेला एक नियम आहे. दुसऱ्याची घाण उचलायची नाही आणि आपली दुसऱ्याला उचलू द्यायची नाही. दादाने घराचा संडास स्वतः बांधला आणि तो स्वतःच धुतो. एकदा त्याचा पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर होतं. तेव्हाही तो सरपटत तिथवर जायचा. भांडं घेऊन आलेल्या वहिनीला त्याने परत पाठवलं होतं.

सही करताना वहिनीला हे माहीत होतं. मग सही का केलीस, असं मी विचारलं नाही. डॉक्टर गेल्यावर तिनेच सांगितलं.

"पुन्याची डॉक्टर हाय. न्हाई म्हटलं आन् हितल्यांनी मनात धरलं तर?"

"तसं होणार नाही म्हणाली ना ती."

"म्हन्त्यात तसं," वहिनी म्हणाली. ती दाराकडे बघत होती. "उठलं की मला घरात घेत न्हाईत हे."

त्या दिवशी दादाचं डायलिसिस होतं, म्हणून काडी दुसऱ्या सकाळी घ्यायचं ठरलं. सकाळी एका नातेवाइकाला थोडा वेळ आत सोडत. वहिनी गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा बाहेर आली. हात लाल झाले होते आणि त्यांना जंतुनाशकाचा वास येत होता.

पुण्याची डॉक्टर आली. सिस्टरने पडदा ओढून काडी घेतली आणि डॉक्टरच्या हातात दिली. काचेतून मला दिसत होतं. डॉक्टरने काडी उजेडात धरली, फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली. मग ती बाहेर आली.

"काकू, काकांना आज कुणी पुसलं?"

"म्या," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात थोडी ऐट होती. "चांगलं गरम पानी घेऊन आतपत्तुर पुसलं. त्ये पिवळं औषद असतंय, त्ये बी टाकलं. कुठं काय ठेवलं न्हाई."

मागून सिस्टर म्हणाली, "मॅडम, मावशींनी नवरदेव तयार केलाय नुसता. मला वाटलं अंघोळ घालतायत, म्हणून मीच पाणी दिलं."

डॉक्टर वहिनीशेजारी बाकावर बसली. काडी एका नळीत होती. खिशातून तिने तशीच दुसरी नळी काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. दोन्ही काड्यांचा कापूस पांढरा होता.

"ही काकांची. आणि ही कुणाचीच नाही. ही मी पलंगाशेजारी नुसती हवेत धरली आणि नळीत टाकली. खोलीत, हवेत, आमच्या सामानात जे जंतू असतात ते काकांचे म्हणून मोजले जाऊ नयेत, यासाठी एक अशी घ्यावी लागते. आता बघा, दोन्हींत फरक दिसतो का?"

"न्हाई."

"काकांच्या काडीला थोडा तरी रंग हवा होता. तुम्ही इतकं स्वच्छ केलंत, की काका त्यात उरलेच नाहीत."

वहिनी दोन्ही नळ्यांकडे बघत राहिली. "मंग मी काय तसंच ठेवायचं हुतं? परकं मानूस येनार, त्या जाग्याला बघनार. बघून काय म्हनंल? ह्यांच्या घरचं मानूस घान हाय म्हनंल."

डॉक्टरला आमचं घर माहीत नव्हतं. पण ती हसली नाही. पुढच्या वेळी काडी ती स्वतः घेईल, त्याआधी पुसू नका, एवढंच तिने सांगितलं. वहिनीने मान हलवली. सहीपेक्षा हे तिला जड गेलं असावं.

नंतरचे दिवस एकासारखे एक होते. मी लोणावळ्याहून सकाळच्या लोकलने यायचो आणि संध्याकाळी परत जायचो. आत गेलो की पडद्यावरचे आकडे पाहायचो. दादाच्या तोंडाकडे पाहिलं तरी फार काही मनात यायचं नाही. मी बातमी लिहिली असती तर 'प्रकृती गंभीर, पण स्थिर' असं लिहिलं असतं. हे शब्द मी आयुष्यभर लिहिले. त्यांनी नातेवाइकांना नेमकं काय कळतं, हे पलंगाशेजारी उभं राहूनही मला सांगता आलं नसतं.

एका दुपारी सिस्टर विभागाचं दार उघडून बाहेर आली आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टाकव्याचे काका! त्यांना झाली!"

बाकांवरच्या माणसांना अर्थ कळायला वेळ लागला नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाला आत काय चाललंय ते माहीत असायचं. आतडं जागं झालं म्हणजे माणूस परतीच्या वाटेला लागला, हे डॉक्टरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. समोरच्या बाईने हात जोडले. तिचा मुलगा आत होता. ती दर गुरुवारी शिरगावच्या साईंचा अंगारा आणून सगळ्यांना द्यायची. वहिनीला ती म्हणाली, "बघा, आली का नाही गुडन्यूज?" वहिनीने पदर तोंडाला लावला. आनंदाने की लाजेने, ते कळलं नाही. "हळू तरी बोलावं," ती पुटपुटली.

सिस्टरने नमुना चमच्याने नळीत घेऊन लगेच फ्रीजमध्ये ठेवला. पुण्याची डॉक्टर दीड-दोन तासांत पोचली. तिला त्याच दिवसाची काडीही हवी होती. एकाच दिवशीचं शौच आणि काडी, अशी जोडी मिळाली तरच दोन्हींची तुलना होते. अशा जोड्या फार कमी मिळतात, असं ती मला म्हणाली. कुणाला शौच होत नाही. कुणाला होतं तेव्हा कळवायचं राहून जातं. कुणी तोवर जातो.

ती आत निघाली तेव्हा वहिनी उठली.

"म्या येते."

"काकू, पडद्याआड थांबायला जागा नाही."

"जागा कशाला पायजे? ह्यांना कुशीवर मी घेते. तुमी तुमचं बघा."

सिस्टरने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने मान हलवली. उघड्या दारातून मला पडद्याखाली तिघींचे पाय दिसत होते. वहिनीचा आवाज आला. ती दादाशी बोलत होती. "जरा हिकडं वळा. झालं. झालं आता." दादा झोपेच्या औषधांत होता. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "ही पोरगी बघत न्हाई. हात चालवती, पर बघत न्हाई."

दादा हळूहळू जागा झाला. तोवर तोंडातली नळी काढून गळ्याला छिद्र करून तिथे नळी बसवली होती, त्यामुळे आवाज नव्हता. पण डोळे उघडे असायचे आणि विचारलं की तो मान हलवायचा. सिस्टर विचारायची, "काका, दुखतंय?" तो हो म्हणून मान हलवायचा. "नाही ना दुखत?" त्यालाही हो. मी विचारलं, मला ओळखलंस का. हो. वहिनीने विचारलं, मी तुमची भैन का? हो.

ती बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"भाऊजी, ह्यांनी माज्या बापाला बी कदी हो म्हटलं न्हाई. लग्नात रुसले ते बी न्हाई न्हाई म्हनतच. हे कोन आनलंय आतून?"

विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं. अशा आजारानंतर डोकं गोंधळलेलं राहतं, ते म्हणाले. बहुतेकांचं निवळतं, काहींचं पूर्ण निवळत नाही. आत्ता सांगता येणार नाही. मी ते वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. तिने मधलं वाक्य पुन्हा सांगायला लावलं.

त्याच आठवड्यात पुण्याची डॉक्टर दादाला भेटायला आली. नियमाप्रमाणे आता त्याला विचारायचं होतं. आधी त्याला समजतंय का हे पाहण्यासाठी ती काही ठरलेले प्रश्न विचारत असे. तिने विचारलं, "काका, दगड पाण्यावर तरंगतो का?"

दादाने मान हलवली. हो.

"एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का?"

हो.

"मागे एका आजोबांनी सांगितलं, रामाच्या काळात तरंगायचे, आता नाही. ते पास झाले होते," ती मला म्हणाली. दादाच्या तोंडावर काही उमटलं नाही.

वहिनीने तिला बाजूला घेतलं. मी जवळच होतो. "ताई, आत्ताच इचारा की. आत्ता हो म्हनत्यात. तुमचं बी काम हुईल, माजं बी."

"काकू, ते सगळ्यालाच हो म्हणतायत."

"मंग? हो ते हो."

"हे धरता येत नाही."

"मागनं शुद्धीवर आले तर चिडतील माज्यावर. न्हाई आले तर..." वहिनीने पुढचं सोडून दिलं. "इचारा ना."

डॉक्टरला ती जोडी हवी होती. ती तिला किती हवी होती हे मला माहीत होतं, तिने मला सांगितलं होतं. तिने डब्याचा पट्टा खांद्यावर चढवला आणि म्हणाली, "मी परत येईन."

ती आणखी दोनदा येऊन परत गेली. एकदा दगड तरंगला. एकदा दादा झोपलेला होता आणि तिने त्याला उठवलं नाही.

गळ्यातल्या नळीला बूच लावून आवाज सुरू केला, त्यानंतर ती आली तेव्हा दादा पाठीला उशी लावून बसला होता. साधारण खोलीत हलवलं होतं. वहिनी पायाशी उभी होती. डॉक्टर स्टुलावर बसली.

"काका, दगड पाण्यावर तरंगतो का?"

दादाने तिच्याकडे निरखून पाहिलं. आवाज घोगरा होता, एकेक शब्द वेगळा यायचा. "तू शिकल्याली हाईस ना?"

"हो."

"मंग मला काय इचारती?"

वहिनीने पलंगाची दांडी धरली. डॉक्टरने बाकीचे प्रश्नही विचारले. त्यांची उत्तरं त्याने चिडत दिली आणि बरोबर दिली. मग तिने न वापरलेली एक काडी त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. आजार, आतडं, नमुने, परवानगी. तिने काही गाळलं नाही.

"ही काडी कुटं घातली?"

तिने सरळ शब्दांत सांगितलं.

"तू?"

"पहिल्यांदा सिस्टरनी. दुसऱ्यांदा मी."

त्याने वहिनीकडे पाहिलं. "तू हुतीस?"

"दुसऱ्या येळंला हुते. मीच वळीवलं तुमाला."

"सही कुनाची?"

"माजी." वहिनीचा आवाज एकदम चढला. "मेल्यागत पडला हुता तुमी. कुनाला इचारनार हुते? भिताडाला?"

दादा काडीकडे बघत होता. "आता कुटं हाय त्ये समदं?"

"पुण्यात. फ्रीजरमध्ये, खूप थंडीत," डॉक्टर म्हणाली.

"किती दिस ठिवनार?"

"अभ्यास संपेपर्यंत. त्यानंतरही काही वर्षं."

"नगं."

"काका, नको म्हणजे यापुढे घेऊ नको, की घेतलेलंही ठेवू नको?"

"घेतल्यालं बी नगं. आपलं दुसऱ्यानं कशाला सांबाळायचं? टाकून दे."

"अवो, पोरगी लय चांगली हाय," वहिनी म्हणाली. "किती हेलपाटे घातले तिनं."

"चांगली हाय म्हनून तोंडावर नगं म्हन्तोय. वंगाळ असती तर गप बसलो असतो."

डॉक्टरने काडी परत घेतली. ठीक आहे काका, म्हणाली. नमुने नष्ट झाले की कळवीन, म्हणाली. तिचा चेहरा नेहमीसारखा होता. आपलं नुकसान झालेली पण कामात असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांचा चेहरा तसाच असतो.

वहिनी तिच्या मागोमाग बाहेर गेली. मीही गेलो. जिन्याजवळ वहिनीने तिचा हात धरला. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन्हींचं तिला भान नव्हतं.

"वाईट वाटून घिऊ नका, ताई."

"नाही काकू. आता दुसरी जोडी शोधते."

"लगीच न्हाई म्हनाले. इचार सुदिक केला न्हाई." वहिनी माझ्याकडे वळली. "त्येच हायेत, भाऊजी. आले."

मी मान हलवली. खाली कॅन्टीनमध्ये तिने भात-आमटी मागवली आणि पूर्ण खाल्ली. इतके दिवस ती अर्धी भाकरी फडक्यात बांधून परत नेत होती.

दादा घरी आल्यावर डॉक्टरचा फोन वहिनीला आला. मी टाकव्यालाच होतो. वहिनीने फोन स्पीकरवर टाकला. दादा ओसरीत खाटेवर होता.

"काकू, नमुने नष्ट केले. माहितीही काढली. काकांना सांगा."

"जाळलं का पुरलं?"

"आधी दाबाच्या वाफेत मारतात. मग जाळतात."

"बरं," वहिनी म्हणाली. फोन हातात तसाच धरून ती ओसरीकडे ओरडली, "अवो, जाळलं म्हन्ती."

"समदं का?"

"समदं."

"मंग जेवाय वाढ," दादा म्हणाला.